ब्रुकलिनचा महाबंब

कानांत कापसाचे बोळे घालून या. बाकी काही आणलं नाही तरी चालेल.

1965चा ऑक्टोबर नुकता लागलाय. तुम्ही ब्रुकलिनमध्ये, इंजिन कंपनी 207च्या ठाण्यासमोर उभे आहात. तुमच्या कपड्यांकडे कुणाचं लक्ष नाही, कारण जो तो समोरच्या गाडीकडे बघतोय. पुढे मॅक कंपनीचा ट्रक आणि त्याच्यामागे लांबलचक ट्रेलर, असा सुमारे 34 टनांचा बंब. नाव सुपर पंपर. याच्याबरोबर सुपर टेंडर नावाचा तितकाच दांडगा जोडीदार आहे, आणि वेगवेगळ्या ठाण्यांवर ठेवायच्या तीन लहान गाड्या. त्यांना सॅटेलाइट म्हणतात. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने हा सगळा ताफा मिळून 8,75,000 डॉलरला घेतलाय. 1965चे डॉलर, हे लक्षात असू द्या.

ट्रेलरची दारं उघडी आहेत. आत डोकावा, कुणी हटकणार नाही. आतलं इंजिन साधं नाही. इंग्लंडच्या नेपिअर कंपनीचं हे डेल्टिक. त्याचे सिलिंडर त्रिकोणात मांडलेले आहेत, त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांत एकेक क्रँकशाफ्ट. सिलिंडर 18 आणि पिस्टन 36, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन एकमेकांवर चालून येतात. ब्रिटिश रेल्वे याच घराण्यातल्या इंजिनांवर गाड्या पळवते, रॉयल नेव्ही वेगवान बोटी. ट्रेलर ओढणाऱ्या मॅकची ताकद 255 हॉर्सपॉवर आणि त्याच्या पाठीवर बसलेल्या या पाहुण्याची 2,400. रस्त्यावरून न्यायचं काम मॅकचं. डेल्टिकने फक्त पंप फिरवायचा.

आता बोळे नीट बसवा, चाचणी बघायला नदीकाठी जायचंय. पंपाशेजारी उभं राहिलात तर आवाज आधी तळपायांतून वर येतो, मग छातीत घुमायला लागतो. शेजारी उभे असलेले जवान एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलताहेत. काळी चामडी हेल्मेटं, मांड्यांपर्यंत येणारे रबरी बूट. पंप चालवणारा एका हाताने थ्रॉटल सांभाळतोय आणि नजर दाबाच्या तबकडीवर रोवून उभा आहे. जमिनीवर चपट्या पट्ट्यासारखी पडलेली साडेचार इंची नळी बघत राहा. आधी फुगते, मग वळणावर अंग झाडते, मग लाकडाच्या ओंडक्यासारखी ताठ होते. अंगठ्याने दाबून पाहा. दबणार नाही.

दर चौरस इंचाला 350 पौंड दाबाने हा पंप मिनिटाला 8,800 गॅलन पाणी फेकू शकतो. उन्हाळ्यात सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर आठवा. तसे तीन टँकर एका मिनिटात रिकामे. शहरातला चांगला बंब तेव्हा मिनिटाला हजारेक गॅलन मारतो.

पण सगळ्यांची नजर धारेवर असताना तुम्ही नळीकडे बघा, असं मी सांगेन. खरी अक्कल तिथे आहे. पाणी नळीतून जाताना घासतं आणि दाब वाटेतच खर्ची पडतो. अडीच इंची नळीच्या जागी साडेचार इंची घेतली, तर तेवढंच पाणी नेताना हे घर्षण जवळजवळ एकोणिसाव्या हिश्श्यावर येतं. म्हणून महाबंबाला आगीजवळ जावं लागत नाही. तो पाण्यापाशी थांबतो: नदीकाठी, धक्क्यावर किंवा दमदार जलवाहिनीवर. टेंडर दोन हजार फूट नळी आणि पाण्याची तोफ घेऊन आगीकडे निघतो. सॅटेलाइटही आपल्या नळ्या आणि लहान तोफा घेऊन आपापल्या बाजूने येतात. लांबचं पाणी आगीपर्यंत पोचवायचं, एवढाच हा खटाटोप. त्याआधी मोठ्या आगीवर डझनभर बंब एकाच गल्लीत तोंडं घालून उभे असत आणि एकमेकांच्या हायड्रंटचं पाणी ओढत.

ही कल्पना ज्याच्या डोक्यातून आली, तो बंबवाला नव्हता. विल्यम फ्रान्सिस गिब्ज कायदा शिकलेला आणि जहाजं बांधणारा माणूस. अटलांटिक ओलांडण्याचा विक्रम 1952मध्ये मोडणारं 'युनायटेड स्टेट्स' त्याचंच. आगीची त्याला इतकी धास्ती, की त्या जहाजावर लाकूड जवळपास नाहीच. पियानो आणि खाटकाचा ठोकळा हे त्यातले ठळक अपवाद. बंबांचं वेड मात्र त्याला लहानपणापासूनचं. न्यूयॉर्कची 'फायर फायटर' ही अग्निशमन बोट त्यानेच 1938मध्ये काढली होती, मिनिटाला 20,000 गॅलनची. सुपर पंपर बघितलात की कळतं, गड्याने बोटच चाकांवर चढवलीय.

इथून वर्षभर पुढे या. 17 ऑक्टोबर 1966ची रात्र. मॅनहॅटनच्या 23व्या रस्त्याजवळ एका तळघरात आग लागलीय. तळघरातली एक भिंत परवानगी न घेता सरकवलेली आहे, त्यामुळे शेजारच्या औषधांच्या दुकानाखाली आग पसरलीय आणि वर उभ्या जवानांना त्याचा पत्ता नाही. दुकानाची जमीन जाड, पायांना गरम लागत नाही. ती कोसळते. बारा जवान जातात. दल स्थापन झाल्यापासून एका रात्रीत इतके कधी गेले नव्हते.

इथे 8,800 गॅलनांचा काय उपयोग? धूर, एक भिंत आणि वर उभी माणसं, एवढाच हा मामला होता. दलाने महाबंब घेतला हे चुकलं, असं मी म्हणत नाही. पण पाण्याची तोफ घेतली की शहर सुरक्षित झालं, असा जो भाव त्या काळच्या छायाचित्रांत दिसतो, तो मला जरा भाबडा वाटतो.

सत्तरच्या दशकात तर फार वेळ थांबूच नका, तिथे श्वास घेणं कठीण आहे. साउथ ब्राँक्समध्ये रात्रीमागून रात्री घरं पेटताहेत. चाळवजा इमारती, तिसऱ्या मजल्यावरची खोली, जिन्यात अडकलेली पोरं. तिथे हवी असतात माणसं, शिड्या आणि पटकन पोचणारे साधे बंब. 1975मध्ये शहराचं दिवाळं निघायची पाळी येते आणि ठाणीच बंद व्हायला लागतात. ब्रुकलिनमधून महाबंब आपलं काम करतोच आहे. निवृत्त होईपर्यंत तो दोन हजारांहून जास्त वर्द्यांवर गेला, म्हणजे शोभेचा मुळीच नव्हता. पण असं एकमेव यंत्र पोसणं सोपं नसतं.

1982मध्ये त्याला सेवेतून काढतात. लहान सॅटेलाइटची कल्पना मात्र दल सोडत नाही. मोठी नळी आणि तोफ घेऊन जाणारा ट्रक कुठल्याही चांगल्या बंबाला जोडता येतो. त्यासाठी 36 पिस्टनांचं इंग्लिश इंजिन लागत नाही. त्या नावाच्या नव्या गाड्या न्यूयॉर्कमध्ये आजही धावतात. मला विचाराल, तर 8,75,000 डॉलरमधून शहराच्या हाती उरलेली हीच खरी कमाई.

आता शेवटचा थांबा. 11 सप्टेंबर 2001, मॅनहॅटनचा पश्चिम किनारा. मनोरे पडताना जमिनीखालच्या जलवाहिन्या फुटल्यात, आसपासचे हायड्रंट निकामी. हडसनच्या कठड्याला बोटी लागल्यात. त्यात निवृत्त झालेली 'जॉन जे. हार्वी' आहे आणि गिब्जची 'फायर फायटर'सुद्धा, त्रेसष्ट वर्षांची. बोटींवरून नळ्या कठडा ओलांडून ढिगाऱ्याकडे ओढल्या जाताहेत. धुळीने पांढरा झालेला एक जवान तुमच्या अंगावर ओरडतो, "पाय काढा तिथून!" काढा लवकर. तुमच्या बुटाखालची ती नळी आत्ता भरतेय.