गिटारचा भाऊ: आपल्या बेंजोची गोष्ट

[भागाच्या सुरुवातीला वीस सेकंद बेंजो वाजतो. वाचणाऱ्यांनी गावाकडची एखादी वरात आठवावी, काम भागेल.]

ओळखला का आवाज? मागच्या आठवड्यात हीच क्लिप मी ऑफिसमधल्या एकाला हेडफोनवर ऐकवली. तो म्हणाला, "भारी टोन आहे रे, कुठली गिटार?" मी म्हटलं, गिटार नाही, माझ्या मामाचा बेंजो आहे. तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

त्याचं हसणं मला लागलं, पण त्याला बोलायचा मला तरी काय हक्क? इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मामा काय करतात असं कुणी विचारलं, की मी "इलेक्ट्रिकचं काम करतात" असं सांगायचो. तसं ते खोटंही नव्हतं. ते का, ते पुढे सांगतो.

माझं आजोळ धाराशिव जिल्ह्यात, नळदुर्गच्या अलीकडे. मामा पंचवीस वर्षं बेंजो पार्टीत वाजवतात. लग्नसराई, गणपती, जयंत्या, यात्रा, सगळीकडे. आणि मी? पहिला बोनस मिळाल्यावर पुण्यात एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतली, अठरा हजाराला. सोबत छोटा अँप आणि एक डिस्टॉर्शन पेडल. दिवाळीत ती गावाकडे घेऊन गेलो. खरं सांगू? मिरवायलाच नेली होती.

मामांनी गिटार हातात घेतली, पण वाजवली नाही. उलटी करून बघितली, तारांखालच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पिकप हाय व्हय ह्याला? किती वेढ्याचा हाय?"

मी गप्प. बीटेक झालेला मी, आणि माझ्याच गिटारच्या पिकअपमध्ये तारेचे किती वेढे आहेत ते मला माहीत नव्हतं. मामा आत गेले, बेंजो आणला, वरचं झाकण काढलं. "बग. ह्यो मी भरलेला हाय. जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरमधली कॉइल आन् लोहचुंबक."

तारा बघितल्या तर त्या गिटारच्याच. तारा ताणायच्या खुंट्या, त्याही गिटारच्या. शेजारी प्रोसेसर ठेवलेला, तोही गिटारसाठीच बनवलेला. माझ्या अठरा हजाराच्या वस्तूचं अर्धं सामान मामांच्या पेटीत आधीच होतं. फक्त त्यांनी ते एकेक सुटं जमवलं होतं.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात बसला. तर आज बघू या, हा बेंजो आला कुठून.

आधी नावाचा घोळ मिटवू. बँजो नावाचं खरं वाद्य अमेरिकेतलं. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी तिथे घडवलेलं. गोल खोड, त्यावर कातडं ताणलेलं, लांब दांडी. आपल्या बेंजोत यातलं काहीही नाही. आपण फक्त नाव उचललंय. आपल्या वाद्याचं घर अमेरिकेत नाही, जपानमध्ये आहे.

साल १९१२, शहर नागोया. मोरिता गोरो नावाचा माणूस. हा युरोप-अमेरिका फिरून आलेला, आणि तिथे त्याला एक यंत्र फार आवडलं होतं: टाइपरायटर. जपानमध्ये दोन तारांचं एक जुनं वाद्य होतं. त्यावर त्याने टाइपरायटरसारखी बटणं बसवली. बटण दाबलं की खाली धातूची पट्टी तारेवर टेकते आणि तार तेवढी आखूड होते. उजव्या हाताने तार छेडायची, डाव्या हाताने बटणं दाबायची. गिटारवर पडदा शोधताना बोटं सोलून निघतात, इथे तो त्रासच नाही. त्याच वर्षी जपानमध्ये तैशो हे नवं राजपर्व सुरू झालं, म्हणून वाद्याचं नाव पडलं तैशोगोतो.

म्हणजे मंडळी, आपल्या वरातीतलं वाद्य हे मुळात टाइपरायटर आणि तंतुवाद्य यांचं लेकरू आहे. मी दिवसभर कीबोर्ड बडवतो, मामाही कीबोर्डच बडवतात. घरात हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मामी म्हणाली, "मग तुला पगार आन् ह्यांना सुपारी का?" प्रश्न बरोबर आहे. त्याच्याकडे परत येऊ.

हे वाद्य स्वस्त होतं, हलकं होतं, आणि तासाभरात त्यावर एखादी चाल निघायची. जपानी मालाबरोबर ते आशियाभरच्या बंदरांत पोचलं. भारतात त्याचं नाव झालं बुलबुल तरंग. बलुचिस्तानात ते 'बेंजू' झालं आणि तिथल्या लोकसंगीतात असं रुजलं, की आज ते तिथलंच वाटतं. समुद्रापलीकडे झांझिबारच्या ताराब संगीतातही ते वाजतं. आपल्याकडे ते कव्वालीत शिरलं. मामांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेही तिथेच: धाराशिवला ख्वाजा शमशुद्दीन गाझींच्या उरुसात, लहानपणी, कव्वालाच्या मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात. "गाण्याऱ्याचा आवाज बसला, की त्यो उचलून धरायचा," मामा सांगतात.

आता आपली गोष्ट थोडी थांबवू आणि अमेरिकेत जाऊ. कारण गिटारचीही तेव्हा पंचाईत झाली होती.

१९२० च्या दशकात तिथे मोठमोठे बँड वाजायचे. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम. त्यात गिटारवाला बिचारा वाजवतोय की नुसता बसलाय, कळायचं नाही. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशँप नावाचा वादक होता, त्याने यावर उपाय शोधला. लोहचुंबक घेतला, त्याभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळली आणि ते गिटारच्या तारांपाशी बसवलं. घरगुती यंत्राची मोटर वापरून कॉइल गुंडाळली असं सांगतात. १९३१ मध्ये लाकडी नमुना तयार झाला, १९३२ मध्ये अॅल्युमिनियमची गिटार बाजारात आली. तिचा आकार बघून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणायला लागले, म्हणजे चक्क तवा. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

यामागचं विज्ञान फॅरडेने १८३१ मध्येच दाखवलं होतं. पोलादी तार चुंबकाजवळ हलली, की चुंबकीय क्षेत्र हलतं. ते हललं, की कॉइलमध्ये बारीकसा विद्युतप्रवाह निघतो. तो अँपमध्ये नेऊन मोठा करायचा, झाला आवाज. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. मामांनी हे वेगळ्या शब्दांत सांगितलं: "पितळी तार लावली की ह्यो मुका होतो. लोखंडीच लागती. चुंबकाला जी चिकटती, तीच बोलती." एक ओळ. माझ्या पुस्तकात याला दीड पान होतं.

आणि या तव्याची सगळ्यात भारी गोष्ट सांगतो. ही पहिली इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून वाजवायची नव्हतीच. ती हवाईयन पद्धतीची. मांडीवर आडवी ठेवायची, तारा वर, आणि डाव्या हातातला पोलादी तुकडा तारांवर फिरवायचा. आडवी ठेवलेली, पोलादी तारांची, विजेवर वाजणारी. आता डोळ्यांपुढे बेंजो आणा. काय फरक राहिला?

गळ्यातली, भरीव लाकडाची, आपण पोस्टरवर बघतो ती गिटार नंतर आली. फेंडरची टेलिकास्टर १९५० च्या सुमारास, स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये. आपल्याकडे मुंबईत व्हॅन शिपली यांनी हवाईयन इलेक्ट्रिक गिटारवर हिंदी सिनेमाच्या चाली वाजवल्या आणि त्या रेकॉर्डवरून घरोघर गेल्या. १९७१ च्या 'दम मारो दम'मध्ये गिटार वाजवली भूपिंदर सिंग यांनी. स्टुडिओत असं गिटारचं राज्य सुरू झालं. रस्त्यावर मात्र तीच जागा बेंजोने घेतली.

का? आपल्या भागाचं बघा. तुळजापूरला देवीच्या गोंधळात संबळ आणि तुणतुणं. गावच्या मिरवणुकीत हलगी आणि सनई. मग इंग्रजी फौजेच्या धर्तीवरचे ब्रास बँड आले. ब्रास बँडला माणसं जास्त लागतात आणि प्रत्येकाच्या छातीत दम लागतो. बेंजोवाल्याला एक पेटी, एक अँप, भोंगे आणि हातगाडी पुरते. आणि लग्नघरच्यांना हवं असतं सिनेमातलं गाणं, शब्द ओठांवर येतील असं. बेंजोवर तार भराभर छेडली, की सूर लांबतो, गायल्यासारखा वाटतो. म्हणून बेंजो पुढे उभा राहतो आणि हलगी, ढोल, पॅड त्याच्या मागे.

आता सामानाची गोष्ट, कारण वादक भेटले की बोलतात सामानावरच. लग्नसराई संपली, की जूनमध्ये मामांच्या अंगणात आजूबाजूच्या गावांतले चार-पाच बेंजोवाले जमतात. चहा होतो आणि मग एकेक जण पिशवीतून यंदाची खरेदी काढतो. कुणी नवा प्रोसेसर, कुणी वायरलेस, कुणी सुताराकडून सागवानी पेटी करून आणलेली. "कितीला पडला?" "आवाज फाटतो का?" "पावसात चालतोय का?" हा शेवटचा प्रश्न मी पुण्यातल्या कुठल्याही गिटारवाल्याच्या तोंडून ऐकला नाही. आमच्या गिटारी पावसात जातच नाहीत.

मामांच्या सामानाचा इतिहास असा: पहिली पेटी बाजारातली, बिनविजेची. मग तिला आतून एक माइक चिकटवला. तो शिट्टी मारायचा, म्हणून टेलिफोनची कॉइल. मग प्रोसेसर. मग पार्टीत ऑक्टापॅड आला. रोलँड कंपनीने १९८५ मध्ये पहिला ऑक्टापॅड काढला. आठ रबरी चौकोन, काठीने मारायचे, पाहिजे तो आवाज निघतो. आमच्याकडे तो बऱ्याच वर्षांनी पोचला, तोही सेकंडहँड. पार्टीतल्या पाच जणांनी मिळून घेतला आणि हप्ते दोन लग्नसराया फेडले. माझी गिटार हौसेची होती. त्यांचा ऑक्टापॅड म्हणजे घरात येणारं धान्य.

मामीचा प्रश्न आठवतोय ना, पगार आणि सुपारीचा? त्याचं माझ्यापुरतं उत्तर असं आहे: वस्तू एकच असली, तरी ती कुणाच्या हातात आहे यावर तिची किंमत ठरते. हलगी पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाच्या हातात राहिली. वाजवणाऱ्याला दाराबाहेर उभं करायची जी सवय गावाला लागली, ती वाद्य बदललं तरी गेली नाही. बेंजोवाले सगळ्या जातीधर्मांचे आहेत, पण 'वाजवणारे' म्हटलं की पंगत शेवटची. गिटारवाला 'आर्टिस्ट', बेंजोवाला 'पार्टी'. २०१६ मध्ये रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा केला, त्यात हिरो आपल्या शेजारच्या लातूरचा रितेश देशमुख. तो बघून मी पहिल्यांदा हॉस्टेलवर म्हणालो, "माझे मामा हेच वाजवतात." एक हिरो पडद्यावर यावा लागला मला, हे कबूल करायला हवं.

आता डीजे आलाय. भिंतीएवढे स्पीकर. बोशँपला जी अडचण होती तीच आज मामांना आहे: माझं ऐकू कसं जाणार? फक्त यावेळी उत्तर कॉइलमध्ये नाही. सुपाऱ्या कमी झाल्यात. गेल्या वर्षी मामांच्याच घरच्या लग्नात पोरांनी डीजे ठरवला. मामा काही बोलले नाहीत. पाहुण्यांना पाणी देत फिरत होते.

रात्रीचे दहा वाजले. ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम, दहा ते सहा लाऊडस्पीकर बंद. डीजे थांबला. अंगणात एकदम शांत. कानात नुसती घूं. तेव्हा आजी म्हणाली, "आरं, तुझी पेटी आण की."

मामांनी बेंजो आणला. वायर लावलीच नाही. पेटी पोकळ आहे, विजेशिवायही बोलते, पण हळू. त्यांनी गोंधळाची एक जुनी चाल काढली. ऐकायला जवळ यावं लागत होतं, म्हणून माणसं जवळ आली. डीजेसमोर नाचणारी पोरंही येऊन खाली बसली. मी गिटार काढली, तीही बिनवायरची, आणि मागे नुसता खरज धरला. चुकलो दोनदा. मामांनी मानेनेच सांगितलं, चालू दे.

सुरुवातीला जो आवाज ऐकलात, तो त्या रात्रीचा, माझ्या फोनवरचा.

तर एक काम सांगतो. तुमच्या घरात, गल्लीत कुणी बेंजो वाजवत असेल, तर त्यांना झाकण उघडायला सांगा. आतले फोटो काढा, कॉइल कशाची, तारा कुठल्या, खुंट्या कुणाच्या ते विचारा आणि रेकॉर्ड करा. प्रत्येक पेटीत एकेका माणसाचं इंजिनिअरिंग आहे आणि ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही.

आणि हो, मी यंदा जूनमध्ये अंगणातल्या त्या बैठकीला जाणार आहे. नवीन पिकअप घेऊन. विकतचा नाही, स्वतः गुंडाळलेला. वेढे मोजलेत यावेळी. मामा विचारणारच.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, ऐकत राहा.