रायफलीचा धक्का आणि मझल ब्रेक

१९१८ साली जर्मनीतील माउझर कारखान्याने रणगाडे भेदण्यासाठी १३.२ मिलिमीटरची रायफल सैन्यास पुरविली. तिला ना स्प्रिंग होती, ना मझल ब्रेक. धक्क्याचा सारा भार सैनिकाच्या खांद्यावर पडे. १९३७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या ०.५५ इंची बॉइज रायफलीच्या नळीच्या तोंडाशी मात्र मझल ब्रेक बसविलेला होता. गोळीमागून सुटणारा वायू तो बाजूंच्या छिद्रांतून वळवी. त्यामुळे रायफल मागे रेटणारा जोर घटे. जोडीला स्प्रिंग व दस्त्यावर गादीही होती. तरीही धक्का जबरच राहिला. शिवाय वळविलेल्या वायूने नेमबाजाच्या कानांवर आघात होई, धूळ उडे आणि त्याची जागा शत्रूस कळे. सारांश, मझल ब्रेक निवडताना खांद्याची सोय आणि सैनिकाचा आडोसा ह्यांचा हिशेब एकत्रच करावा लागे.