रूळ आणि जात

नागपूर ते दादर. आठशेहून जास्त किलोमीटर. जनरल डब्यात दाराशी बूड टेकलं की रातभर चाकांचा एकच खडखडाट. त्यात मी इतिहास चाळत बसतो. पुस्तकातला इतिहास सोपा : 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, साहेबाची कमाल. 1863 ला बोरघाट फुटला, 1865 ला थळघाट. हजारो मजूर पटकीनं, सुरुंगानं मेले. त्यांची नावं?

खडी कुणी फोडली
डोंगर कुणी पोखरला
पुस्तक मुकं
रूळ तेवढा बोलतो

त्याच 1853 साली मार्क्सनं लिहिलं, रेल्वेमागून येणारे उद्योग जातीची वंशपरंपरागत कामवाटणी मोडतील. दोस्तहो, अर्धं खरं हाय. तिकिटावर जात नसते. धोतराला धोतर लागलं म्हणून गाडी थांबत नाही.

पण 1901 साल काढा. साताऱ्याहून कोवळा भीवा भावाबरोबर वडलांकडं निघाला. मसूर स्टेशनात उतरला. न्यायला कुणी नाही. पोरं नीटनेटकी, मास्तरानं मायेनं इचारलं. 'महार' म्हणताच चेहरा पालटला. बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाड्यानं; गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान विटाळ नको म्हणून पायी. रातभर पाण्याचा थेंब नाही. डब्यात झोपलेली जात फलाटावर जागी झाली.

पैसे मोजले
तिकीट माणसाचं मिळालं
उतरलो तर
जात आधीच हजर

आणि रुळावरचा मैला? संडास खाली उघडा. वर बसणारा कुठल्याबी जातीचा, खाली खराटा धरणारा ठरलेला. मैला उपसणाऱ्याची व्याख्या करताना 2013 च्या कायद्याला रेल्वेरूळ लिहावा लागला. त्याच कायद्यात पळवाट : ठरवून दिलेली संरक्षक साधनं दिली की तो माणूस व्याख्येबाहेर. पुढं डब्यांना जैविक संडास आले. मार्क्सच्या भाकितानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी यंत्र बदललं. खराट्याची वाटणी कुणी बदलली?

तरी या रुळाला मी शिव्या देत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला पांढऱ्या कपड्यातली आमची माणसं याच रुळांवरून नागपूरला आली. दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. दर 6 डिसेंबरला तीच माणसं, त्यांची लेकरं दादरला उतरतात. कुणी त्यांना फुकटे म्हणतं. ज्यांच्या बापजाद्यांनी खडी फोडली, त्यांना!

तुमच्या घरात गँगमन असेल, खलाशी असेल, रूळ झाडणारी आजी असेल. आजच इचारा. लिहून काढा. रेल्वेचा इतिहास इंजिनातून खूप लिहून झाला. आता खडीवरून लिहायचा हाय.