सोयाबीन शिरेत कसं शिरलं

मृगाचा पाऊस पडला की धाराशिव जिल्ह्यात सोयाबीनच्या पेरणीची धांदल उडते. कळंब-वाशीपासून पार उमरग्यापर्यंत, जिथे एकेकाळी खरीप ज्वारी, मूग, उडीद डोलायचे, तिथे आता नजर जाईल तिथवर हेच पीक. मोंढ्यातली चर्चाही त्याच्याच भावाची. पण याच दाण्याचं तेल आयसीयूतल्या रुग्णाच्या थेट शिरेत सोडतात, असं मोंढ्यात कुणी सांगितलं तर त्याला वेड्यात काढतील.

गोष्ट मात्र खरी आहे. आतडी कामातून गेलेल्या रुग्णाच्या उशाशी सलाईनच्या शेजारी दुधासारखी पांढरीशुभ्र बाटली लटकते. तिच्यातलं तेल मुख्यत्वे सोयाबीनचं असतं.

‘सलाईन लावलं की ताकद येते’ ही आपल्याकडची ठाम समजूत. प्रत्यक्षात साध्या सलाईनमध्ये मीठ-पाण्यापलीकडे काही नसतं. पाच टक्के डेक्स्ट्रोजची अर्ध्या लिटरची बाटली घेतली, तरी तिच्यात साखर 25 ग्रॅम, म्हणजे जेमतेम 85 कॅलरी. ज्वारीची एक भाकरी त्याहून जास्त देते. दिवसाच्या 2000 कॅलरी याच बाटल्यांतून द्यायच्या तर रोज बाराएक लिटर पाणी अंगात घालावं लागेल. साखर दाट करावी तर हाताची शीर सुजते. तेल ग्रॅममागे नऊ कॅलरी देतं. 20 टक्के लिपिडच्या, म्हणजे चरबीच्या, अर्ध्या लिटर मिश्रणामध्ये हजार कॅलरी मावतात. अडचण एकच, तेल रक्तात मिसळत नाही.

ही अडचण पहिल्यांदा एका कुत्र्याच्या जिवावर बेतली. 1679 च्या सुमारास विल्यम कोर्टन या इंग्रज गृहस्थाने कुत्र्याच्या शिरेत ऑलिव्ह तेल टोचलं आणि कुत्रा मेला. सुट्या तेलाचे थेंब फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे टोरांटोत एडवर्ड हॉडर यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांच्या शिरेत चक्क गाईचं दूध सोडलं. 1873 मध्ये त्याची हकीकत छापून आली. दुधात चरबीचे थेंब आधीच फुटलेले असतात, त्यामुळे कल्पना अगदीच वेडगळ नव्हती, पण धोका केवढा!

विसाव्या शतकात जपानी संशोधकांनी एरंडेल वापरून पाहिलं. मग अमेरिकेत 1950 च्या दशकात ‘लिपोम्युल’ आलं, ते सरकीच्या तेलाचं. त्याने रुग्णांना ताप भरायचा, पाठ दुखायची, कावीळ व्हायची, रक्तस्राव व्हायचा. 1960 च्या दशकाच्या मध्यास ते बाजारातून उठलं आणि अमेरिकी डॉक्टरांनी या वाटेची धास्तीच घेतली.

सरकी हरली तिथे सोयाबीन जिंकलं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले आर्विड व्रेटलिंड यांनी वेगवेगळी तेलं आणि ती पाण्यात धरून ठेवणारे पदार्थ यांच्या जोड्या कुत्र्यांवर तपासल्या. त्यातून निवडलं गेलं सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातलं फॉस्फोलिपिड. जोडीला थोडं ग्लिसरॉल, म्हणजे हे मिश्रण (इमल्शन) शिरेला झोंबत नाही. थेंब अर्ध्या मायक्रॉनहून लहान. रक्तातली तांबडी पेशीच सात मायक्रॉनची, तेव्हा हा थेंब कुठेही अडत नाही. जेवणातली चरबी पचल्यावर आतडी जे कण रक्तात पाठवतात, त्यांच्यासारखंच शरीर त्यालाही वागवतं. 1962 मध्ये ‘इंट्रालिपिड’ला स्वीडनमध्ये मान्यता मिळाली.

अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक यांनी 1968 मध्ये दाखवून दिलं की छातीतल्या मोठ्या शिरेतून दाट साखर आणि प्रथिनांचे घटक देऊन कुत्र्याच्या पिल्लांना वाढवता येतं. पण तेलाविना फार काळ भागेना. लिनोलेइक आम्ल शरीराला बनवता येत नाही; ते न मिळाल्याने त्वचा कोरडी पडून तिचे पापुद्रे निघू लागत. सोयाबीन तेलात ते निम्म्याच्या आसपास असतं. शेवटी 1970 च्या दशकात अमेरिकेनेही इंट्रालिपिड स्वीकारलं.

सोयाबीनचा डंका मात्र निर्विवाद राहिला नाही. महिनोन्‌महिने केवळ शिरेतून मिळणाऱ्या अशा पोषणावर जगणाऱ्या तान्ह्या बाळांचं यकृत बिघडू लागलं. त्यात वनस्पतिजन्य स्टेरॉलचाही हात असावा, असं मानतात. बोस्टनच्या बालरुग्णालयात मार्क प्यूडर आणि कॅथलीन गुरा यांनी माशाच्या तेलाचा पर्याय लावून धरला; अमेरिकेत त्याला 2018 मध्ये मान्यता मिळाली. आता सोयाबीन, नारळासारख्या तेलांतले मध्यम साखळीचे घटक, ऑलिव्ह आणि मासा यांची मिश्रणंही मिळतात.

मापं बघण्यासारखी आहेत. एक किलोच्या, दिवस न भरलेल्या बाळाला दिवसाला तीन ग्रॅम चरबी द्यायची तर 20 टक्क्यांचं इमल्शन लागतं 15 मिली, साधारण तीन चहाचे चमचे. ते सिरिंज पंपातून चोवीस तास झिरपत राहतं, ताशी अर्ध्या मिलीहून जरासं अधिक.

अंड्याची किंवा सोयाबीनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. पोट चालत असेल तर जेवण तोंडातून किंवा नळीने पोटातच द्यायचं, हा डॉक्टरांचा पहिला नियम. तेव्हा अशक्तपणा आला म्हणून ही बाटली मागू नये. आणि आपलं माणूस तिच्यावर असेल, तर अधूनमधून बाटलीकडे नजर टाकावी. वर पिवळसर तेल तरंगताना दिसलं तर सिस्टरना ताबडतोब बोलवा. इमल्शन फुटलेलं असतं आणि तशी बाटली रुग्णाला द्यायची नसते.