तराजू आणि शेवया : कोरियातल्या गोमांस-नूडल्सचा इतिहास

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आता नूडल्सवर बोलणार? काहींना 'गोमांस' हा शब्दच खटकला असेल. खटकू द्या. आम्ही इथे कुणाला काही खायला घालायला आलेलो नाही. कोरियन मालिका बघून आपल्या घरांतली मुलं तिथले पदार्थ करू लागली आहेत. त्या वाडग्याला इतिहास आहे, आणि तो आपल्याला वाटतो तितका परका नाही, एवढंच सांगायचं आहे.

प्रश्न तीन आहेत. शेवया कुठून आल्या? मांस कुठून आलं? आणि तिसरा, जो पाककृतीच्या पुस्तकात कधीच येत नाही : ते मांस कापणारा हात कुणाचा होता?

पहिल्यापासून सुरुवात करू. ११२३ साली चीनच्या सुंग दरबाराचा श्यू जिंग नावाचा अधिकारी गोर्यो राज्यात, म्हणजे त्या काळच्या कोरियात, गेला. त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं आहे. तो म्हणतो, या देशात गहू कमी पिकतो, तो चीनमधून आणावा लागतो, म्हणून शेवया महाग. मोठ्या समारंभाखेरीज त्या कुणी करत नाही. आणि दुसरं निरीक्षण असं की, राज्य बौद्ध असल्यामुळे जनावर कापण्याचं कसब लोकांना फारसं नाही. म्हणजे बघा, ज्या दोन वस्तूंनी आजचा हा वाडगा भरतो, त्या दोन्ही ९०० वर्षांपूर्वी तिथे दुर्मीळ होत्या. आजही कोरियात लग्नाळू माणसाला विचारतात, "नूडल्स कधी खाऊ घालणार?" आपण विचारतो ना, "लाडू कधी देणार?" तसंच.

गहू नाही, तर मग रोजच्या शेवया कशाच्या? उत्तरेच्या डोंगराळ भागात कुट्टू पिकतो. त्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, लांब तार ओढता येत नाही. म्हणून उकळत्या पाण्याच्या भांड्यावर लाकडी साचा ठेवून, त्यातून पीठ दाबून शेवया थेट पाण्यात सोडायच्या. आपला चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा, फक्त बराच मोठा. हेच ते नेंगम्यन, थंड रश्श्यातल्या शेवया. १८४९ च्या 'दोंगुक सेशिगी' या सणवारांच्या ग्रंथात त्यांची नोंद हिवाळ्यातलं खाणं म्हणून आहे.

आता मांस. तेराव्या शतकात मंगोलांच्या स्वाऱ्या झाल्या आणि त्यांच्या संपर्काने कोरियात मांसाहार पुन्हा वाढला. १३९२ मध्ये जोसन राजवट आली. तिने बौद्ध धर्माला बाजूला सारून कन्फ्यूशियसचा मार्ग धरला. पण गंमत अशी की, याच राजवटीने बैल कापण्यावर वारंवार बंदी घातली. कारण धार्मिक नव्हतं. बैल नांगराला हवा होता. बैल गेला की शेत गेलं, शेत गेलं की सारा गेला. सरळ हिशेब.

आणि तरीही मांस खाल्लं जात होतंच. राजधानीत सॉंगग्यूनग्वान नावाची राजविद्यापीठासारखी संस्था होती. तिथल्या विद्यार्थ्यांच्या पानात गोमांस असे. त्या संस्थेच्या ताब्यातल्या सेवकवर्गाला जनावर कापायची आणि 'ह्यनबांग' नावाच्या दुकानांतून मांस विकायची मुभा होती. मात्र बंदी कायम असल्यामुळे ही दुकानं सरकारी खात्यांना ठराविक दंड भरत राहायची. म्हणजे गुन्हा रोजचा, दंडही रोजचा, आणि खजिन्यात भर. बंदी मोडण्यासाठीच जणू बंदी ठेवलेली! राज्यसंस्था नीतीची भाषा बोलते तेव्हा जमाखर्चाची वहीही एकदा पाहून घ्यावी, असं आम्हाला वाटतं.

आता तिसरा प्रश्न. देशभर खाटकाचं काम करणारे लोक म्हणजे 'बेकजंग'. या शब्दाची कथा ऐकण्यासारखी आहे. गोर्यो काळात बेकजंग म्हणजे साधा शेतकरी. भटकं जीवन जगणाऱ्या, शिकार, कातडं आणि टोपल्यांची कामं करणाऱ्या काही जमातींना समाजात सामावून घ्यावं, म्हणून १४२३ साली राजा सेजोंगने त्यांना हे सामान्य, प्रतिष्ठित नाव दिलं. झालं काय? माणसं वर आली नाहीत, नावच खाली गेलं. पुढे बेकजंग ही शिवी झाली. 'हरिजन' या नावाचं आपल्याकडे काय झालं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जास्त सांगायला नको. नाव बदलून तिरस्कार बदलत नाही. तो नव्या नावात राहायला येतो.

बेकजंगांनी वस्तीबाहेर राहायचं, घोड्याच्या केसांची टोपी घालायची नाही, रेशीम नेसायचं नाही, इतरांच्या लहान पोरांशीसुद्धा आदरार्थी बोलायचं. इथे आम्हाला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून एक फरक नोंदवावासा वाटतो. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचा संबंध गोमांस खाण्याशी जोडून दाखवला. कोरियात खाणारा विटाळत नव्हता. खाणारा सरदार, पंडित, प्रतिष्ठित. विटाळ फक्त कापणाऱ्याला. कुणी म्हणेल, हा बौद्ध अहिंसेचा परिणाम. पण जोसन राजवटीत बौद्ध धर्म मागे पडला, तरी बेकजंगांवरची बंधनं सैल झाली नाहीत. मग अहिंसा हे कारण अपुरं पडतं. आम्हाला वाटतं, खरं कारण असं की खाणाऱ्याला चव हवी होती, कृतीची जबाबदारी नको होती. ती दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकायची, आणि मग त्याच्यापासून लांब राहायचं.

१८९४ च्या सुधारणांनी हा दर्जाभेद कायद्याने संपवला. १८९८ मध्ये सोलच्या जाहीर सभेत पाक सॉंगचुन या बेकजंगाने अधिकाऱ्यांसमोर भाषण केलं. त्याचा मुलगा पाक सोयांग १९०८ मध्ये पाश्चात्त्य वैद्यकाच्या पहिल्या कोरियन पदवीधरांपैकी एक झाला. पण कायदा कागदावर. मुलांना शाळेत प्रवेश मिळेना. तेव्हा एप्रिल १९२३ मध्ये दक्षिणेतल्या जिंजू शहरात 'ह्यंगप्यंगसा' ही संघटना उभी राहिली. यातल्या 'ह्यंग'चा मूळ अर्थ तराजूची दांडी. सपाट, समतोल दांडीची संघटना! ज्या तराजूने रोज मांस तोलायचं, त्यालाच त्यांनी समतेचं चिन्ह केलं. याला विरोध म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांनी काय करावं? गोमांस विकत घेण्यावर बहिष्कार. म्हणजे मांस खाणं एकवेळ सोडू, पण कापणाऱ्याला माणूस म्हणणार नाही.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९२३ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव संमत झाला. चार महिन्यांचं अंतर. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. प्रश्न एकच होता.

शेवयांकडे परत येऊ. १९५० ते ५३ च्या युद्धानंतर अमेरिकेचा मदतीचा गहू कोरियात आला, 'पी. एल. ४८०' या कायद्याखाली. तोच कायदा, ज्याखालचा गहू आपण साठच्या दशकात रेशनवर रांगा लावून घेतला. तांदूळ वाचवण्यासाठी तिथल्या सरकारने लोकांना पिठाकडे वळवलं. शाळेत मुलांचे डबे उघडून भातात जव मिसळलेत का, ते बघत. आठवड्यातले काही दिवस खानावळीत भात बंद. बैलाच्या हाडांच्या 'सलंगथांग' या रश्श्यात आज ज्या गव्हाच्या शेवया दिसतात, त्या रुजल्या त्या काळात. १९६३ मध्ये सामयांग कंपनीने पहिलं पाकिटबंद राम्यन १० वोनला विकायला आणलं. लग्नातली शेवई आता गरिबाचं जेवण झाली. मांस मात्र महागच राहिलं. २०१९ च्या 'पॅरासाइट' चित्रपटात श्रीमंत बाई स्वस्त पाकिटातल्या नूडल्सवर उंची गोमांसाचे तुकडे घालायला सांगते, आणि शिजवायचं कुणी? तर घरकामाच्या बाईने. तो वाडगा आता नीट वाचता येईल.

घरी करणाऱ्यांसाठी दोन शब्द. पाव किलो मांसाचे, धाग्यांना आडवे, पातळ काप करा. तीन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा साखर, चार-पाच पाकळ्या ठेचलेला लसूण, मिरी, कांद्याची पात आणि किसलेलं नासपती लावून अर्धा तास ठेवा. नासपती मांस मऊ करतं. आपण कच्ची पपई लावतो तसं. तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं हवं, ते शेवटी. रताळ्याच्या पिठाच्या शेवया वेगळ्या उकडून गार पाण्याखाली धरा. मोठ्या आचेवर मांस परतायचं, शेवया टाकायच्या, झालं. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशहत्याबंदी असल्याने इथे ज्यांना करायचं ते म्हशीचं मांस घेतात. न खाणाऱ्यांना अळंबीही चालतात.

जिंजूमध्ये आजही तिथल्या खास नेंगम्यनवर अंड्यात घोळवून तळलेल्या गोमांसाच्या पट्ट्या घालतात. जिथे तराजूची दांडी सरळ करायची चळवळ जन्मली, तिथलाच हा मानाचा पदार्थ. कुठल्याही घरात, कुठलाही पदार्थ पुढ्यात आला, तर चवीबरोबर एवढं विचारावं : हे पिकवलं कुणी, कापलं कुणी, रांधलं कुणी, आणि त्यांना आपल्या पंगतीत जागा आहे का? उत्तर प्रत्येकाने आपापल्या स्वयंपाकघरात शोधायचं आहे. आम्ही थांबतो.