गोळीच्या जोडीला पिंपरी

अमरावती जिल्ह्यातलं अंजनगाव सुर्जी आणि शेजारच्या अकोला जिल्ह्यातलं अकोट हा आम्हा बारी लोकांचा मुलूख. आमच्याकडे वेल दोनच, एक खायच्या पानाचा आणि दुसरा पानपिंपरीचा. पांगारा आणि शेवरी लावायची, त्यांच्या सावलीत वेल चढवायचा आणि उन्हाळ्यात पाण्यापायी रात्री जागायच्या. पिंपरी हिरवी असतानाच खुडायची असते, पिकू दिली की वाया गेली. करंगळीच्या पेरापेक्षा थोडं लांब, खडबडीत बोंड. उन्हात वाळलं की करडं-काळं होतं आणि कट्‌कन मोडतं. एखादी दाताखाली धरली तर आधी गोडसर लागते, मग जीभ चुरचुरते आणि तोंडाला पाणी सुटत राहतं.

घरचा माल व्यापारी नेत. तो पुढे कुठे जातो, हे मला नोकरी लागल्यावर नीट कळलं. मी सरकारी दवाखान्यात औषधं वाटणारा माणूस, लोकांच्या भाषेत कंपाउंडर. औषधाच्या बाबतीत पिंपरीची गंमत अशी, की ती एकटी फारशी जातच नाही. सितोपलादि चूर्ण घ्या: खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी (म्हणजे आमची पिंपरीच) 4, वेलची 2, दालचिनी 1. त्रिकटूत ती सुंठ आणि मिऱ्यांबरोबर असते. एकटीचा मान मुख्यतः चौसष्ट प्रहरी पिंपळीला. खलात घालून चौसष्ट प्रहर, म्हणजे आठ दिवस आणि आठ रात्री, खंड न पडू देता घोटायची. आमच्या आजीच्या डबीत ती असायची. मधाच्या बोटावर तपकिरी ठिपक्याएवढी, त्याहून जास्त नाही.

ही जोडीला जाण्याची सवय एका शास्त्रज्ञाच्या डोळ्यांत भरली. जम्मूला 1941 साली रामनाथ चोप्रांनी सुरू केलेली औषध संशोधनाची प्रयोगशाळा आहे. पुढे ती सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेकडे गेली आणि आज तिला भारतीय एकात्मिक औषध संस्थान म्हणतात. सत्तरच्या दशकात सी. के. अटल तिथे संचालक होते. घरगुती आणि प्रचलित आयुर्वेदिक औषधांची एक सरकारी पुस्तिका होती. तिच्यातल्या 370 योगांपैकी 210 योगांत त्रिकटू किंवा त्यातलं एखादं द्रव्य सापडलं. कुठे खोकला, कुठे ताप, कुठे पोटदुखी, आणि पिंपळी-मिरी मात्र सगळीकडे. अडुळशाबरोबर पिंपळी दिली की दम्यावर गुण जास्त येतो, हे बोस नावाच्या लेखकानं 1929 च्या सुमारास लिहून ठेवलंच होतं. अटल यांनी 1979 मध्ये तर्क मांडला, की ही द्रव्यं स्वतः रोग बरा करत नसावीत, दुसऱ्या औषधाला रक्तात पोचवत असावीत. प्रयोगात अडुळशातल्या व्हासिसिनचं रक्तातलं प्रमाण पिंपळीमुळे दुपटीहून वर गेलं.

हे काम करणारं द्रव्य म्हणजे पिंपळी-मिऱ्यांतलं पिपरीन. ते 1819 मध्ये वेगळं काढलं डेन्मार्कच्या हान्स क्रिस्तियान ओर्स्टेडनं. विजेची तार जवळ नेली की होकायंत्राची सुई हलते, हे पुढच्याच वर्षी दाखवणारा तोच हा ओर्स्टेड. मिऱ्यांचा तिखटपणा मात्र त्याच्या चरित्रात कोपऱ्यात पडला.

पिपरीन करतं काय, तर आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात जे जकात नाके बसलेले असतात, तिथल्या कारकुनांना गुंतवून ठेवतं. हे नाके औषधाचा काही भाग परत फिरवतात, काही मोडून टाकतात. ते ढिले पडले की त्याच गोळीतलं जास्त औषध रक्तात शिरतं. मग गोळीच लहान का करू नये? जम्मूच्या मंडळींनी या प्रश्नासाठी औषध निवडलं ते क्षयाचं, रिफॅम्पिसिन.

या औषधाची जन्मकथा वेगळीच. दक्षिण फ्रान्समधल्या मातीचा नमुना 1957 मध्ये मिलानच्या लेपेटी कंपनीत गेला. त्यातल्या जंतूपासून निघालेल्या द्रव्यांना तिथल्या लोकांनी ‘रिफिफी’ या चोर-दरोडेखोरांच्या गाजलेल्या फ्रेंच सिनेमावरून नाव दिलं. साठच्या दशकाच्या अखेरीस रिफॅम्पिसिन बाजारात आलं आणि क्षयाचा उपचार पालटला. पण आपल्याकडे ते फार महाग होतं. शिवाय मळमळ, अन्नावरची वासना जाणं आणि कधी कावीळ. लघवी नारिंगी होते ती निरुपद्रवी, पण घाबरवणारी. पहिल्याच आठवड्यात खिडकीशी येऊन ‘रक्त जाते’ म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

पिपरीन दिल्यावर क्षयरुग्णांच्या रक्तातलं रिफॅम्पिसिन वाढतं, हा अहवाल 1985 मध्ये भारतीय फिजिशियनांच्या संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यातून गोळी निघायला 2009 साल उजाडलं. अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सनं ‘रिसोरीन’ आणली: रिफॅम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम, आयसोनियाझिड 300 आणि पिपरीन फक्त 10 मिलिग्रॅम. आमच्या वेलाचं सत्त्व क्षयाच्या गोळीत गेलं हे वाचून छाती फुगली, हे लपवत नाही.

माझ्या खिडकीतून मात्र ती गोळी कधी गेली नाही. सरकारी क्षय कार्यक्रमात तेव्हा डॉट्सचे, म्हणजे समोर गिळवायच्या औषधांचे, खोके होते. नव्या रुग्णाला लाल, पूर्वी उपचार झालेल्याला निळा. लाल खोक्यातल्या एका पाकिटात, एक दिवसाआड समोर उभं राहून गिळायच्या सात गोळ्या: आयसोनियाझिडच्या दोन, पायराझिनामाइडच्या दोन, एथॅम्बुटॉलच्या दोन आणि रिफॅम्पिसिनची एक कॅप्सूल, 450 मिलिग्रॅमची. तळहातावर ठेवल्या की मूठ मिटायला त्रास. बायाबापड्या विचारत, “भाऊ, गोयीसंगं पिंपरी देल्ली तं चालते काय?” खोकल्याला मध-पिंपरी घरोघर चालूच असे. जम्मूत जे मोजून झालं ते आमच्याकडे न मोजता चाललं होतं.

रिसोरीन कार्यक्रमात आली नाही म्हणून हळहळणारे मित्र मला भेटतात. मी त्यांच्या सुरात सूर मिसळत नाही. रक्तात औषध तेवढंच पोचणार असेल, तर यकृताचा त्रास अर्धा कसा होईल? पोटात कमी गोळी गेल्यानं मळमळ थोडी घटेल, खर्च नक्की वाचेल. पण काविळीतला मोठा वाटेकरी आयसोनियाझिड, तो तर 300 चा 300 च राहिला. त्यातून अलीकडच्या चाचण्यांत रिफॅम्पिसिन उलट चढवत नेलं, वजनाच्या किलोमागे 35 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे नेहमीच्या साडेतीन पट. दोन आठवड्यांच्या त्या प्रयोगात रुग्णांनी ते बऱ्यापैकी सोसलं. म्हणजे मात्रा घटवण्यात शहाणपण आहे की वाढवण्यात, हाच वाद उभा राहिला. अटल यांची नजर खरी होती. तिच्यासाठी निवडलेलं औषध तितकंसं सोयीचं नव्हतं.

आणखी एक अडचण आहे, आणि ती मला जास्त मोठी वाटते. नाक्यावरचा कारकून गुंतला की कुठलाही माल सुटतो. मिरगीचं फेनिटॉइन, रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलॉल, दम्याचं थिओफायलिन या सगळ्यांचं रक्तातलं प्रमाण पिपरीननं वाढल्याचं जम्मूच्याच संशोधकांनी 1987 आणि 1991 मध्ये दाखवलं. फेनिटॉइन आणि थिओफायलिनमध्ये पुरेसं आणि फार यांत अंतर अगदी थोडं. तिथे पिंपळी दुष्परिणाम कमी करत नाही, अंगावर आणते. चरकानं विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्यं अति वापरू नयेत असं बजावलं आहे. तोच चरक रसायन म्हणून वर्धमान पिंपळी सांगतो: रोज दहा-दहांनी वाढवत शंभरापर्यंत जायचं, तसंच उतरायचं, सगळ्या मिळून हजार. मोजून चढायचं आणि मोजून उतरायचं. एरवी बेतानं.

हल्ली खेड्यातल्या दुकानातही हळदीच्या कॅप्सूल मिळतात, डबीवर ‘मिरीयुक्त’ म्हणून मोठ्या अक्षरांत. त्याचं मूळ बंगळुरूच्या 1998 च्या एका प्रयोगात आहे: दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर माणसांच्या रक्तात कर्क्युमिन वीस पट पोचलं. तेव्हापासून जगभर ही जोडी विकली जाते. अमेरिकेत आणि इटलीत हळदीच्या अशा गोळ्या घेणाऱ्यांची यकृतं बिघडल्याच्या नोंदी झाल्या, त्यांतल्या काहींत पिपरीनही होतं. जेवणातल्या मिऱ्यांनी हे होत नाही. सत्त्व काढून रोज गिळलं की गोष्ट बदलते. निवृत्तीनंतरही गावात लोक डबी घेऊन येतात, पिंपरीवाल्याचा पोरगा म्हणून विश्वासानं. मी डबी बाजूला ठेवतो आणि आधी बाकीच्या गोळ्यांची पिशवी मागून घेतो. मिरगीची किंवा दम्याची गोळी निघाली, तर डबी डॉक्टरला दाखवल्याशिवाय उघडायची नाही, असं सांगून परत देतो.