बॉर्डन गेले, शिकलेले राहिले

मी ग्रंथालय सल्लागार आहे. म्हणजे नक्की काय करता, असं लोक हमखास विचारतात. तीन कामं करतो. गावोगावच्या वाचनालयांना कारभाराबद्दल सल्ला देतो, तिथल्या माणसांना संगणक शिकवतो आणि अनुदानाचे प्रस्ताव लिहून देतो. हा धंदा इंटरनेटसोबत आला असं तुम्हाला वाटेल. पण आपल्याकडे ही तिन्ही कामं शंभर वर्षांपूर्वीच एका ठिकाणी एकत्र झाली होती. ते ठिकाण म्हणजे बडोदा.

तिथले राजे सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगावजवळच्या कवळाणे गावचे. १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी ते दत्तक गेले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. याच राजाने १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग पुढचा प्रश्न उभा राहिला. शाळा सुटल्यावर पोरांनी वाचायचं काय? गावात पुस्तकच नसेल, तर शिकलेली अक्षरं चार-पाच वर्षांत विसरायची.

१९१० साली महाराजांनी अमेरिकेतून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बोलावलं. ते कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन इथले ग्रंथपाल. आजच्या भाषेत सांगायचं तर कन्सल्टंट. बडोद्यात ते जेमतेम तीन वर्षं होते. महाराजांच्या राजवाड्यातली सुमारे २० हजार पुस्तकं देऊन मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग निघाले. पुस्तकांची मांडणी कशी करायची, याची नवी पद्धत बॉर्डन यांनी बडोद्यासाठी बसवली.

मला मात्र त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. १९११ साली त्यांनी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. भारतातला हा असा पहिला वर्ग. कार्ड कॅटलॉग हे त्या काळचं तंत्रज्ञान होतं. प्रत्येक पुस्तकाचं वेगळं कार्ड. नवं पुस्तक आलं की कार्ड योग्य जागी सरकवायचं, सबंध यादी पुन्हा लिहीत बसायचं नाही. ऐकायला सोपं आहे, पण शिकवलं नाही तर कोण करणार? वर्षभरात, १९१२ साली, ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं त्रैमासिकही निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. वर्गाला न आलेल्यापर्यंतही काहीतरी पोहोचावं, अशी ती सोय होती.

गावात अजून वाचनालय नसेल, तर पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी तिथे जायची. पाठवण्याचा खर्च खातं करायचं. वाचून झालं की पेटी परत, आणि दुसरी हजर. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रं दाखवणारा विभाग होता. त्याच्याकडे स्टिरिओस्कोप आणि सिनेमाचं यंत्र होतं. निरक्षर माणसाला वाचनालयाच्या दारातच अडवायचं नाही, हा त्यामागचा विचार.

आता पैशाचं. गावाने वर्गणी काढायची, मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देणार आणि तेवढीच सरकार. त्याला वरची मर्यादा होती, पण हिशेब सरळ होता. गावाचा एक रुपया वाचनालयात जाईपर्यंत तीन रुपये व्हायचा. मी आयुष्यभर प्रस्ताव लिहितो आहे, पण इतका साधा अर्ज मला कधी लिहायला मिळाला नाही. त्यातली खरी गंमत अशी की सगळा पैसा सरकारचा असेल, तर वाचनालयही सरकारचंच वाटतं. स्वतःचा तिसरा हिस्सा घातलेला माणूस मात्र कुलूप का लागलं, हे विचारायला येतो.

बॉर्डन कोऱ्या पाटीवर लिहीत होते असंही नाही. त्यांच्या आधीच मोतीभाई अमीन नावाचे शिक्षक मित्रांची मंडळं जमवून गुजरातच्या खेड्यांत वाचनालयं काढत होते. पुढे ते याच खात्यात आले. १९१३ साली बॉर्डन परत गेले, तेव्हा त्यांची जागा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी घेतली. साहेब गेला म्हणून काम थांबलं नाही, चळवळ पुढची कित्येक वर्षं पसरत राहिली.

मी फिरतो त्या गावांत याच्या उलटं दिसतं. एका तालुक्याच्या वाचनालयात संगणक आला, सॉफ्टवेअर बसलं, फोटो निघाले. शिकवलं होतं एकाच माणसाला. तुटपुंज्या मानधनावर त्याचं घर चालेना, तो पुण्याला नोकरीला गेला आणि जाताना पासवर्डही त्याच्यासोबत गेला. संगणकावर आता प्लॅस्टिकचं कव्हर आहे. नोंदी पुन्हा वहीत होतात. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्याच्या वाट्यात आपला वाटा घालून मदत करतं. वाटणीचा हिशेब आजही आहे. पण त्या हिशेबात शिकवण्याची ओळ अगदी तळाला असते, आणि कात्री लागली की पहिली तीच जाते.

म्हणून हल्ली प्रस्ताव लिहिताना मी दोन अटी घालतो. यंत्राच्या आधी गावातली निदान दोन माणसं शिकवायची, आणि त्यातली एक तरी बाई असावी. कारण लग्न होऊन गावात आलेली सून बहुतेक वेळा गावातच राहते, मुलगा शहराकडे जातो. दुसरी अट, गावाचा थोडा तरी पैसा त्यात हवा. पन्नास घरांचे वीस-वीस रुपये असले तरी चालतील.

समित्यांना या अटी जाचक वाटतात. कधी कधी काम माझ्या हातून जातं. पण सल्लागार हा जाण्यासाठीच आलेला असतो. बॉर्डन यांची मांडणीची पद्धत आज बहुतेकांना ठाऊकही नाही. त्यांच्या वर्गातून शिकून निघालेल्यांनी मात्र गावोगावची वाचनालयं उघडी ठेवली. तुमच्या गावात वाचनालय असेल, तर तिथे संगणक किती आहेत हे विचारू नका. तो चालवता येणारी माणसं किती आहेत, ते विचारा. आणि आकडा एकच असेल, तर दुसरं नाव तुमचं द्या.